रहदारीच्या हिशेबात पायी माणूस

वर्गात शब्दांचे अर्थ सांगण्यात ज्याचा जन्म चालला आहे, त्याला 'रहदारी' हा शब्द हटकून अडवतो. फारसी 'राह' म्हणजे वाट. त्या वाटेवरून होणारी सगळी ये-जा ही रहदारी. भाजीची पिशवी सावरणारी बाई, शाळेला निघालेली पोरे, देवळातून परतणारे आजोबा हे सारे त्यात आले. पण आज 'रहदारी वाढली' म्हणताच डोळ्यांपुढे येतात त्या गाड्या. शब्दाचा अर्थ आक्रसला, तसा पदपथही आक्रसला!

दिवाळीच्या दिवसांत पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर जाऊन पाहावे. दुतर्फा कापडाची, सोन्याची दुकाने. दुकानाची पायरी चढते ते गिऱ्हाईक, त्याची गाडी नव्हे. तरी रस्त्याचा मोठा वाटा गाड्यांचा. ११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने पादचारी दिन पाळून या रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवला. असे काही निघाले की दुकानदाराच्या मनात पाल चुकचुकते : गाडी आली नाही तर गिऱ्हाईक येणार कसे? हीच धास्ती कोपनहेगनच्या व्यापाऱ्यांनाही होती. तेथील 'स्ट्रॉयेट' हा बाजाररस्ता १९६२ साली प्रयोग म्हणून पायी माणसांसाठी राखला गेला, १९६४ साली तो प्रयोग कायमचा झाला, आणि आजही तेथे बाजार गजबजलेला असतो.

अर्थात प्रत्येक रस्ता काही बंद करता येत नाही. बस हवी, रुग्णवाहिका हवी, मालाचा टेम्पोही हवा. मग तोल साधावयाचा कसा? त्याआधी एक समजूत सोडावी लागेल : रस्ता रुंद केला की रहदारी सुरळीत होते, ही. तांब्याचे पोट कितीही मोठे केले तरी पाणी येणार तोंडातूनच. शहरातल्या रस्त्याचे तोंड म्हणजे चौक. चौकात सिग्नलवर जेवढ्या गाड्या सुटतात, तेवढ्याच पुढे जाणार. मधली जास्तीची रुंदी उभ्या गाड्या गिळतात. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले. त्याच सुमारास एकेरी असलेल्या जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद करण्यात आले. झाडांच्या सावलीत बसावयास बाके आली, आणि गाड्याही चालूच राहिल्या.

पदपथ झाला म्हणजे काम संपले असे मात्र नव्हे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे त्यावर निदान १.८ मीटर मोकळी वाट हवी, आणि उंची १५ सेंटिमीटरहून अधिक नको. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उंच पदपथ म्हणजे गडच!

आणि खरी कसोटी रस्ता ओलांडताना. अठरा मीटरचा रस्ता धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर या चालीने १५ सेकंदांत ओलांडतो. आजीबाईंची चाल ०.८ मीटर धरली तर २२-२३ सेकंद लागतात. हिरवा दिवा पंधराच सेकंदांचा असेल, तर त्या भर रस्त्यात सापडतात. हे सात-आठ सेकंद गाडीवाल्याला जड नाहीत. आजीबाईंना मात्र ते जिवाइतके मोलाचे आहेत.

तेव्हा रस्त्याचा हिशेब गाड्या मोजून न करता माणसे मोजून करावा. पन्नास जणांची बस पन्नास धरावी, एकट्याची मोटार एक, आणि पायी चालणाराही पुरता एक!