पुढची मालिका कोणती?

मुलांनो, जादू, राक्षस आणि लढाया यांच्या लांबलचक कथा तुम्हांला आवडतात ना? मग एक मालिका संपली की पुढची कोणती निवडावी, हा प्रश्न पडतोच.

प्रथम भाग मोजा. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने उर्दूत छापलेल्या 'दास्ताने अमीर हमजा'चे ४६ खंड आहेत! 'तिलिस्मे होशरुबा' हा तिचाच प्रसिद्ध भाग. अशी मोठी कथा आधी संक्षिप्त रूपात वाचावी.

नंतर मालिका पूर्ण आहे का, ते पाहा. टॉल्कीन यांची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ साली तीन भागांत पूर्ण झाली. पण रॉबर्ट जॉर्डन २००७ साली वारले, तेव्हा त्यांची 'व्हील ऑफ टाइम' अपुरी होती. ब्रँडन सँडरसन यांनी ती २०१३ साली पूर्ण केली. तोपर्यंत वाचकांना वाट पाहावी लागली.

शेवटी ग्रंथालयातच पहिले प्रकरण वाचून पाहा. पुढे काय होईल, अशी उत्सुकता वाटली, तर पुस्तक घरी न्या. नाहीतर जागेवर ठेवा. त्यात कमीपणा नाही. न आवडणारे पुस्तक बळेच वाचत राहिलात, तर वाचनाची गोडीच जाईल. ती गोडी जपा.