सूची, माहितीसंचयातील
संगणकीय माहितीसंचयातील, म्हणजेच डेटाबेसमधील, हव्या त्या नोंदी सबंध तक्ता न चाळता सापडाव्यात म्हणून ठेवलेली क्रमबद्ध साहाय्यक रचना. तीत निवडलेल्या स्तंभाची मूल्ये क्रमाने लावलेली असून प्रत्येक मूल्यासमोर मूळ नोंदीचे स्थान दिलेले असते. कल्पना जुनीच आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ अन्वये दस्तऐवजांची सूची क्र. १ पक्षकारांच्या नावांवरून, तर सूची क्र. २ मिळकतींवरून करतात. दस्त तेच, पण प्रश्न दोन म्हणून सूचीही दोन.

भंडाऱ्याजवळ कारधा येथे वैनगंगेची पाणीपातळी मोजली जाते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेल्या महापुरासारख्या प्रसंगी सर्व जिल्ह्याचे लक्ष तिच्याकडे असते. अशा शंभर स्थानकांच्या तासागणिक नोंदी दहा वर्षे एका तक्त्यात साठविल्या, तर त्या सुमारे ८७.६ लाख होतील. ‘कारध्याची गेल्या सहा तासांतील पातळी’ या पृच्छेचे उत्तर अवघ्या सहा नोंदींचे; पण सूची नसल्यास त्यासाठी सर्व तक्ता वाचावा लागतो, आणि पाणी चढत असताना हा विलंब परवडणारा नसतो. ‘स्थानक, वेळ’ अशी संयुक्त सूची असल्यास सहाही नोंदी एकमेकींलगत सापडतात. घटकांचा क्रम मात्र महत्त्वाचा आहे. स्थानक न सांगता केवळ वेळ दिल्यास ही सूची फारशी उपयोगी पडत नाही. आडनावांच्या क्रमाने लावलेल्या मतदारयादीत नुसत्या नावावरून माणूस शोधावा, तसे ते होते. ‘पातळी अमुक मीटरपेक्षा अधिक’ असे विचारावयाचे असल्यास पातळीचीच निराळी सूची हवी.

बहुतेक प्रणालींत सूची बी-वृक्षाच्या रूपात असते. ही रचना रूडोल्फ बायर व एडवर्ड मक्राइट यांनी १९७० च्या सुमारास मांडली. वृक्षाच्या एका पृष्ठात ३०० मूल्ये मावली, तर तीन पातळ्यांत २.७ कोटी नोंदींपर्यंत पोहोचता येते.

सूची असूनही पृच्छा मंद राहिली, तर पृच्छेची मांडणी तपासावी. प्रत्येक नोंदीच्या दिनांकातून वर्ष काढून ते २०२० शी ताडल्यास दिनांकाची साधी सूची सहसा वापरली जात नाही. ‘१ जानेवारी २०२० पासून १ जानेवारी २०२१ च्या आधीपर्यंत’ अशी मर्यादा घातल्यास तीच कामी येते. उत्तरात तक्त्याचा मोठा भाग येणार असल्यास सरळ वाचनच स्वस्त पडते. शिवाय नवी नोंद येताच तक्त्याच्या सूचीही अद्ययावत कराव्या लागतात. त्यामुळे दिसेल त्या स्तंभावर सूची करण्याची प्रथा खर्चिकच म्हटली पाहिजे. प्रणालीकडून पृच्छेची कार्ययोजना मागवावी आणि मोजक्या नोंदींसाठी सबंध तक्ता वाचला जात असल्याचे तीत आढळल्यास तेथे सूची करावी.