विमानाचा रेडिओ मुका का होतो?

सेसना-१७२ हे चार आसनांचे छोटे विमान १९५६ पासून विक्रीस आले. त्यातील जुन्या विमानांचा रेडिओ बिघडला, की प्रथम संचालाच दोष दिला जातो. मला हा अन्याय वाटतो. दोष पुष्कळदा अँटेनात वा केबलच्या जोडात असतो.

वैमानिकाचे बोलणे ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. मी कला शाखेचा. पण येथे शाळेतला भागाकार पुरतो. ३०० भागिले १२५, म्हणजे तरंगलांबी २.४ मीटर. तिचा चतुर्थांश, सुमारे ६० सेंटिमीटर, ही अँटेनाची काडी. तिचा जोडीदार म्हणजे विमानाचा ॲल्युमिनियमचा पत्रा. बुडाशी गंज चढून हा सांधा तुटला, की काडी धड असूनही आवाज नीट पोहोचत नाही.

दोन संच असल्यास त्यांच्या अँटेनांच्या केबली अदलाबदल कराव्यात. आता दुसरा संच मुका झाला तर दोष अँटेनाचा वा केबलचा. पहिलाच मुका राहिला तर बहुधा संचाचा. ऐकू येते पण बोलणे जात नाही, तर आधी मायक्रोफोन बदलून पाहावा; तेच सर्वांत स्वस्त! इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर अल्टरनेटर तपासावा.

हे सारे जमिनीवर. आकाशात संच मुका झाला, तर ट्रान्सपाँडरवर ७६०० आकडा लावून मनोऱ्याच्या दिव्याकडे पाहावे लागते : स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर तांबडा म्हणजे इतरांना वाट देऊन घिरट्या घालत राहा.