थिबा राजाच्या लेकींचा फोटो

परागंदा राजघराण्यांचे फोटो म्हटले की डोळ्यांसमोर येतात ते रशियाचे रोमानोव्ह. झारच्या राणीची सखी आन्ना व्हिरुबोवा हिचे अल्बम आज अमेरिकेत येल विद्यापीठात आहेत. झारची आई १९१९ मध्ये ब्रिटिश युद्धनौकेवरून क्रिमियाबाहेर पडली. त्याच वर्षी एक राजकुटुंब रत्नागिरीहून निघालं, याची मात्र आपल्याकडेही फारशी कुणाला आठवण नाही.

भाईंदरच्या खारीतला चाकरमानी गणपतीला गावी गेला की पोराबाळांना थिबा पॅलेस दाखवून आणतो. जांभ्या दगडाची इमारत, अर्धगोल खिडक्या, समोर भाट्याची खाडी. 'ब्रह्मदेशाचा राजा इथे राहायचा' एवढं सांगून मंडळी गाडीत बसतात. पण या वाड्यात थिबा राहिला तो जेमतेम सहा वर्षं, १९१० ते १९१६. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडालेत त्याला गादीवरून उतरवलं, मद्रासमार्गे १८८६ मध्ये रत्नागिरीत आणलं आणि पुढची चोवीस वर्षं त्याने दुसऱ्याच बंगल्यांत काढली. वनवासाचा मोठा काळ या भिंतींनी पाहिलेलाच नाही.

राजाकडचं जे मौल्यवान होतं, त्याला कधीच वाटा फुटल्या होत्या. सिंहासन कलकत्त्याला गेलं, ते १९४८ मध्ये ब्रह्मदेशाला परत मिळालं. सोन्याची राजचिन्हं लंडनच्या संग्रहालयात होती, ती १९६४ मध्ये परतली. 'ङा माउक' नावाचं प्रसिद्ध माणिक इंग्रज अधिकारी कर्नल स्लेडनने नेलं, अशी थिबाची अखेरपर्यंत तक्रार होती. त्याचा पत्ता आजही नाही. सोबत आणलेले दागिने रत्नागिरीत एकेक करून विकले गेले. थोडक्यात, दिपवणारं काही उरलं नाही. मला त्याची फारशी हळहळ वाटत नाही, कारण उरलेले फोटो त्याहून बोलके आहेत.

त्यातला एक १९१४ च्या सुमाराचा. चारही राजकन्या भरजरी बर्मी पोशाखात. निमित्त कान टोचण्याच्या समारंभाचं. हा विधी बर्मी घरात मुलगी लहान असताना उरकतात. इथे धाकटी सत्ताविशीची आणि थोरली चौतिशीच्या घरात! बापाकडे दरबार नाही, तोलामोलाचे जावई मिळत नाहीत, म्हणून लेकींचं बालपणच लांबत गेलेलं. आणि त्यांतली थोरली, म्यात फया जी, तेव्हा आठेक वर्षांच्या मुलीची आई होती. राजाच्या चाकरीतल्या गोपाळ सावंत या विवाहित माणसापासून तिला १९०६ मध्ये ही मुलगी झाली. ती टूटू. फोटोतल्या जरीच्या थाटावरून यातलं काही कळायचं नाही.

राजा १९१६ मध्ये गेला. धाकटी राणी सुपायागले त्याआधीच, १९१२ मध्ये वारली होती. दोघांची थडगी रत्नागिरीतच आहेत. पट्टराणी सुपायालात रंगूनला परतली आणि तिथेच १९२५ मध्ये वारली. थोरली लेक मात्र टूटूला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली आणि १९४७ मध्ये हलाखीत इथेच गेली. टूटूने पवारांच्या घरी संसार केला, शेणी थापून विकल्या, आयुष्यभर मराठीत बोलली आणि २००० साली वारली. तिच्या आजोबांच्या वनवासावर अमिताव घोष यांची 'द ग्लास पॅलेस' ही कादंबरी आली तीही त्याच साली. पुढे २०१२ मध्ये सुधा शाह यांच्या 'द किंग इन एक्झाइल' या पुस्तकात चारही बहिणींची हकिगत सविस्तर आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या थडग्यापाशी येऊन गेले.

राजाच्या अस्थी मायदेशी न्याव्यात, अशी मागणी अधूनमधून निघते. रंगूनमध्ये निजलेल्या बहादूरशहा जफरबद्दल आपल्याकडेही तीच मागणी होते. दोन्ही देशांनी त्यावर खुशाल वाटाघाटी कराव्यात. रत्नागिरीने मात्र आपल्यापुरतं एक करावं: वाड्यातली एक अख्खी भिंत टूटूला द्यावी. सहा वर्षांच्या राजवाड्यापेक्षा तिच्या चौऱ्याण्णव वर्षांवर या गावाचा हक्क जास्त आहे.