इंग्रजी विशेषणांची ओळख, लेखांक ७ : देवळालीचा ताप

गेल्या आठवड्यात आपण ‘क्रेझी’ हे विशेषण पाहिलं. ते वाचून आमच्या देवळाली प्रवरातल्या एका विद्यार्थिनीने विचारलं, “सर, डिक्शनरीत ‘डूलॅली’ म्हणजे वेडा असं दिलंय, आणि शब्द देवळालीवरून आलाय म्हणतात. आपली देवळाली का?”

आपली नव्हे. ती देवळाली नाशिकजवळची, कॅम्पाची. पण नाव एकच असल्यामुळे या शब्दाची कुळकथा आपल्याला ठाऊक असायलाच हवी.

१८६१ साली ब्रिटिशांनी तिथे लष्करी छावणी उभारली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मुंबईला जहाजात बसण्याआधी या छावणीत येऊन थांबत. शिपायांना नेणारी जहाजं मात्र साधारण हिवाळ्याच्या मोसमातच सुटत. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर संपली, त्याला पुढच्या मोसमापर्यंत महिनोन्‌महिने वाट पाहावी लागे. हाताला काम नाही, डोक्यावर ऊन, अंगात मलेरिया, जोडीला दारू आणि घराची ओढ! काहींचं चित्त थाऱ्यावर राहत नसे. अशा माणसाबद्दल सोबती म्हणत, याला ‘डूलॅली टॅप’ झालाय. भारतात शिपाई म्हणून राहिलेल्या फ्रँक रिचर्ड्स यांनी १९३६ च्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या आठवणींच्या पुस्तकात या शब्दाची नोंद केली आहे.

यातला ‘टॅप’ म्हणजे पाण्याचा नळ नव्हे. तो आपलाच ताप! शिपायांनी तो हिंदुस्थानी बोलीतून उचलला. म्हणजे ‘डूलॅली टॅप’ हा सरळसरळ देवळालीचा ताप. आपणही ‘डोक्याला ताप’ म्हणतोच. पुढे ‘टॅप’ गळून पडला आणि एकटं ‘डूलॅली’ विशेषण म्हणून उरलं.

आता वापराकडे वळू. उच्चारात जोर मधल्या ‘लॅ’वर द्यायचा. हे विशेषण बहुधा क्रियापदानंतर येतं : ‘ही हॅज गॉन डूलॅली’, म्हणजे त्याचं डोकं फिरलंय. ‘क्रेझी’ नामाआधी सहज बसतं, ‘ए क्रेझी आयडिया’ म्हणता येतं. ‘डूलॅली’ मात्र त्या जागी क्वचितच दिसतं. शब्द बोलीतला आहे आणि मुख्यतः ब्रिटनमधला. अनेक अमेरिकन माणसांना तो कळणारही नाही. म्हणून परीक्षेच्या उत्तरात किंवा नोकरीच्या अर्जात तो वापरू नका. मराठीत त्याच्या जवळ जाणारे शब्द म्हणजे चक्रम, सटकलेला, डोकं फिरलेला. वैद्यकीय अर्थाने मनोरुग्ण असा त्याचा अर्थ नाही.

गावाचं नाव वेडाला चिकटवण्याची खोड एकट्या इंग्रजांची नाही. ‘याला येरवड्याला पाठवा’, ‘ठाण्याला भरती करा’ असं आपणही सहज बोलून जातो, कारण त्या गावांत मनोरुग्णालयं आहेत. तिथे माणसं बरी व्हायला जातात, हे बोलताना आपल्या ध्यानात राहत नाही. ‘डूलॅली’चंही तसंच झालं. आज हा शब्द वापरणाऱ्या इंग्रजाला फक्त वेडेपणा आठवतो. जहाजाची वाट पाहून खचलेला, घरच्या आठवणीने झुरणारा तरुण शिपाई त्याला दिसत नाही. त्या माणसांना वेड देवळालीने लावलं नव्हतं. मोकळं बसणं, आजार आणि लांबलेली घरवापसी यांनी त्यांना पोखरलं.

म्हणून वाचकांना विनंती, हा शब्द वाचनात आला तर अर्थ ओळखा, त्याची गोष्ट मुलांना सांगा. पण घरात किंवा शेजारी कुणाचं मन खरोखर आजारी असेल, तर ‘डूलॅली’ही म्हणू नका आणि ‘येरवडा’ही. त्या माणसाला ताप आलाय असंच समजा, आणि तापाच्या माणसाला नेतो तसं त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा.