सेप्सिसमध्ये पांढऱ्या पेशी काय करतात?
न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा चिघळलेली जखम यांतून सेप्सिस होतो, तेव्हा अवयव निकामी होण्यात जंतूंबरोबर आपल्याच प्रतिकारशक्तीचा मोठा हात असतो. सेप्सिसच्या २०१६च्या व्याख्येतही भर आहे तो संसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादावर. जंतूंची चाहूल लागताच मॅक्रोफेज पेशी टीएनएफ, आयएल-६ अशी दाह भडकवणारी रसायने सोडतात. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तर स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून जंतू पकडतात (ही करामत २००४ साली उजेडात आली). पण याच जाळ्यांमुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात आणि मूत्रपिंडासारख्या अवयवांना रक्त कमी पडते.

त्याच सुमारास लिम्फोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने मरतात, मोनोसाइट पेशी मंदावतात. मग दुसराच एखादा संसर्ग रुग्णाला गाठतो. टीएनएफ रोखणारी औषधे चाचण्यांत अपेक्षेला उतरली नाहीत, याचे मला नवल वाटत नाही. कोणाची प्रतिकारशक्ती भडकलेली, कोणाची थकलेली, आणि औषध मात्र सगळ्यांना सरसकट! आता मोनोसाइटवरचे एचएलए-डीआर हे प्रथिन मोजून रुग्ण निवडण्याचे, आयएल-७ देऊन लिम्फोसाइट वाढवण्याचे प्रयोग झाले आहेत. त्यांतून खात्रीचा उपचार हाती येईपर्यंत भिस्त जुन्याच उपायांवर: शॉक असेल तर तासाभरात अँटिबायोटिक, शिरेतून सलाइन, रक्तदाब टिकवणारी औषधे, आणि कुठे पू साचला असेल तर तो काढणे.