अभिजात मोटारगाडीची पुढील काच बसवणे

जुन्या मोटारगाडीच्या जीर्णोद्धारात पुढील काच (विंडस्क्रीन) बसवून तिच्या कडा जलरोधक करणे हे रंगकामानंतरचे एक महत्त्वाचे काम होय. १९७०च्या दशकापर्यंत बनलेल्या अनेक गाड्यांत ही काच सांगाड्याला चिकटवलेली नसे. ती खाचा असलेल्या रबरी पट्टीत किंवा धातूच्या चौकटीत धरलेली असे. त्यामुळे पाणी अडवण्याचे काम काच, रबर आणि पत्र्याची कड या तिघांच्या मेळावर अवलंबून असते. हा मेळ बिघडल्यास पाणी रबराखाली साचते आणि वरचा रंग शाबूत दिसत असतानाच आतला पत्रा गंजत जातो. म्हणून या कामात जलरोधक लेपापेक्षा पत्र्याच्या कडेची तयारी अधिक निर्णायक ठरते.

काच बसवण्याच्या पद्धती

जुन्या उघड्या क्रीडा मोटारींत काच सहसा धातूच्या चौकटीत असे. एमजी टीसी व टीडी या ब्रिटिश गाड्यांची सपाट काच चौकटीसह पुढे आडवी पाडता येत असे. १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एमजीबी रोडस्टरमध्ये ॲल्युमिनियमची चौकट दोन्ही बाजूंच्या खांबांनी गाडीच्या अंगाला बोल्टने जोडलेली असून तिच्या तळाशी स्वतंत्र रबरी पट्टी असते.

छत असलेल्या गाड्यांत रबरी पट्टीची पद्धत रूढ होती. जग्वार ई-टाइप, एमजीबी जीटी, हिंदुस्थान ॲम्बॅसॅडर आणि फियाट ११०० ही तिची परिचित उदाहरणे होत. या पट्टीच्या एका खाचेत काचेची कड व दुसऱ्या खाचेत पत्र्याची कड बसते. काही पट्ट्यांत बाहेरून चमकदार धातूची किंवा रबराची आवळपट्टी घातलेली असते. तिच्यामुळे पट्टीचे ओठ काचेवर घट्ट दाबले जातात.

आधुनिक गाड्यांत काच पॉलियुरेथेनने चिकटवतात व ती सांगाड्याच्या मजबुतीला हातभार लावते. रबरात बसणाऱ्या जुन्या काचेकडून ही अपेक्षा नसते.

मुंबईतील संदर्भ

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी ही गाडी बनू लागली. पुढे ती प्रीमियर प्रेसिडेंट व त्यानंतर प्रीमियर पद्मिनी या नावांनी ओळखली गेली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत अनेक दशके याच गाडीचे प्राबल्य होते. शहरातील अखेरची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली आणि टॅक्सींसाठीची वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती सेवेतून बाद झाली. आता उरलेल्या पद्मिनी खासगी मालकांकडे असून त्यांचा जीर्णोद्धार हौसेने केला जातो.

मुंबईत दरवर्षी सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेने गंजाचा वेग वाढतो. काळाचौकी, लालबाग, परळ या गिरणगावातील बहुतेक चाळींना वाहनतळ नसल्याने गाड्या रस्त्याकडेला उघड्यावर उभ्या राहतात. अशा गाड्यांत काचेखालचे दोन्ही कोपरे गंजाची पहिली ठिकाणे ठरतात, कारण काचेवरून ओघळणारे पाणी तेथेच थांबते.

काचेचे प्रकार व नियम

फ्रेंच रसायनतज्ज्ञ व कलावंत एदुआर बेनेदिक्तस यांनी १९०९ मध्ये स्तरित (लॅमिनेटेड) काचेचे एकस्व घेतले. या काचेत दोन पातळ काचांमध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा थर असतो. त्यामुळे ती तडकली तरी तुकडे थराला चिकटून राहतात. याउलट कठिणीकृत (टफन्ड) काच फुटताच तिचे बारीक, बोथट तुकडे होतात आणि चालकाला समोरचे दिसेनासे होते. अनेक जुन्या गाड्यांत मूळची काच कठिणीकृत असे. बदलताना स्तरित काच घेणे सुरक्षित असते. मात्र दोन्ही काचांची जाडी भिन्न असू शकते, म्हणून रबराची खाच त्या जाडीला जुळते का, हे आधी पाहावे लागते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार पुढील काचेतून किमान ७० टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे. हे नियम अमलात आल्यानंतर तीन वर्षांनी व त्यापुढे बनलेल्या मोटारींना स्तरित पुढील काच बंधनकारक आहे.

कृती

जुनी काच काढणे : प्रथम वायपर व आवळपट्टी काढतात. कडक झालेले रबर वाचवण्याचा प्रयत्न न करता त्याचा बाहेरचा ओठ पात्याने कापतात. नंतर एकाने आतून वरच्या कडेजवळ तळव्यांनी समान दाब द्यायचा व दुसऱ्याने बाहेरून काच झेलायची, अशी रीत आहे.

पत्र्याची कड दुरुस्त करणे : जुना लेप व गंज पूर्ण काढून कडेची तपासणी करतात. भोके पडली असल्यास तेवढा पत्रा कापून नवा तुकडा वेल्डिंगने जोडतात. भोकांवर लांबी (पुट्टी) भरून वेळ मारून नेल्यास लांबीच्या मागून गंज पसरत राहतो; शिवाय कड जाड झाल्याने रबर नीट बसत नाही. कड सरळ करून तिला प्राइमर व रंग देतात. रंग पूर्ण सुकण्याआधी काच बसवल्यास रबर रंगाला चिकटते व तो सोलवटतो.

कोरडी जुळवणी : लेप न लावता काच जागेवर धरून चारही बाजूंची फट सारखी आहे का, ते पाहतात. अपघातात वाकलेल्या किंवा नवा पत्रा जोडलेल्या गाडीत काचेच्या जागेचा आकार किंचित बदललेला असू शकतो. ही तफावत येथेच दूर करावी लागते. काच दाबून बसवल्यास ती नंतर कोपऱ्यातून तडकते.

दोरीची पद्धत : रबर प्रथम काचेभोवती चढवतात. रबर अखंड कड्याच्या स्वरूपात नसल्यास ते किंचित लांब कापून टोके दाबून जुळवतात, म्हणजे आकसल्यावर फट पडत नाही; हा सांधा कोपऱ्यात येऊ देत नाहीत. मग पत्र्यासाठीच्या खाचेत सुमारे ४ ते ५ मिलिमीटर जाडीची गुळगुळीत नायलॉनची दोरी फिरवून तिची टोके खालच्या बाजूला मध्यभागी एकमेकांवरून आत सोडतात. कडेला साबणाचे पाणी लावतात. खनिज तेल किंवा ग्रीस वापरल्यास रबर फुगते. बाहेरचा माणूस काच दाबून धरतो व आतला माणूस दोरी काचेच्या मध्याकडे हळूहळू ओढतो. दोरीबरोबर रबराचा ओठ उचलला जाऊन कडेवर आत येतो. काम तळाच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे, तेथून बाजूंनी वर आणि शेवटी वरच्या कडेला असे चालते. दोरी अडल्यास जोर न करता बाहेरून तळव्याने थोपटतात.

जलरोधन : काच बसल्यावर नळीचे टोक ओठाखाली सरकवून रबर व काच, तसेच रबर व पत्रा यांच्यामध्ये न सुकणारा मऊ लेप भरतात. असा लेप गाडीच्या हादऱ्यांबरोबर हलू शकतो आणि पुढे काच काढताना अडथळा करत नाही. आंबट वासाचे सिलिकॉन टाळतात, कारण सुकताना त्यातून ॲसेटिक आम्ल बाहेर पडते व पत्रा गंजतो. शिवाय सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी नवा रंग धरत नाही. रबरी पट्टीऐवजी काच पॉलियुरेथेनने चिकटवणेही अयोग्य होय. ती कापून काढताना कडेचा रंग खरवडला जातो आणि गंजाला वाट मिळते.

चौकटीतील काच

एमजीबी रोडस्टरसारख्या गाडीत काच रबरासह चौकटीत घालून कोपऱ्यांचे स्क्रू आवळतात व मग चौकट गाडीवर ठेवतात. खांबांचे बोल्ट आतून, डॅशबोर्डच्या मागून लागतात. म्हणून डॅशबोर्ड बसवण्यापूर्वीच हे काम उरकणे सोयीचे असते. चौकट खाली दाबून धरल्याखेरीज तळाची रबरी पट्टी पुरेशी दबत नाही आणि पाणी थेट डॅशबोर्डमागे उतरते.

चाचणी व गळतीचे निदान

पाण्याच्या नळीने, मंद धारेने, आधी काचेच्या तळाला व मग क्रमाने वर अशी चाचणी घेतात. वरून सुरुवात केल्यास पाणी सगळ्या कडांवरून ओघळते आणि गळतीची नेमकी जागा सापडत नाही. प्रत्येक भागावर काही मिनिटे पाणी सोडून दुसरा माणूस आतून विजेरीने पाहतो. शिरलेले पाणी रबराच्या खाचेतून फिरून लांबच्या कोपऱ्यात टपकू शकते. त्यामुळे जेथे थेंब दिसतो तेथेच छिद्र असेल असे नाही.

गाडीची ओली जमीन नेहमीच काचेची गळती दर्शवत नाही. हिंदमातासारख्या सखल भागात रस्त्यावर तुंबलेले पाणी खालून आत शिरते व गाळाची रेघ मागे ठेवते. काचेतून आलेल्या पाण्याचे ओघळ डॅशबोर्डखाली दिसतात, पायपुसण्याची वरची कड आधी भिजते आणि विजेच्या तारांचे सांधे हिरवट पडतात.

मौलिकतेचा प्रश्न

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या जुलै २०२१ मधील अधिसूचनेनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी वाहनांना विंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळू शकते; सांगाड्यात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. काच व रबर या बदलता येण्याजोग्या वस्तू आहेत. त्यांच्यामागचा पत्रा हा मात्र सांगाड्याचाच भाग होय. काच वेळेवर काढून कड दुरुस्त केल्यास हा मूळ पत्रा टिकतो. दुर्लक्ष झाल्यास गंज खांबांच्या पायथ्यापर्यंत पोहोचतो आणि तो भाग कापून नवा घडवण्यावाचून उपाय उरत नाही.